काकांचं ‘अहो’

लाडक्या चिऊ,

साताऱ्याहून गोथेनबर्गला परतताना विमानात तू विचारलंस, “आई, ते एवढे म्हातारे काका मला ‘अहो ताईसाहेब’ का म्हणत होते? मला कसंतरीच झालं.” तेव्हा ‘तशी पद्धत असते गं’ म्हणून मी वेळ मारून नेली. तेव्हापासून मनाला लागून राहिलंय, म्हणून हे पत्र.

पद्धत आहे, हे खरंच. आपल्याकडे तू, तुम्ही, आपण अशा पायऱ्या आहेत. एकटे आजोबा आले तरी आपण ‘आले’ म्हणतो, त्याला आदरार्थी बहुवचन म्हणतात. पण म्हणून ‘तू’ म्हणजे कमीपणा, असं मुळीच नाही. आईला आपण ‘तू’च म्हणतो आणि विठोबालाही.

इथे स्वीडनमध्ये तू शाळेतल्या बाईंनाही नावाने हाक मारतेस, त्यामुळे तुला ते जास्त टोचलं असेल. पण स्वीडनही पूर्वी असं नव्हतं. समोर डॉक्टर बसलेले असताना त्यांनाच ‘डॉक्टरसाहेब कॉफी घेणार का?’ असं हुद्द्याने विचारायचे. १९६७ साली ब्रूर रेक्सेड नावाचे गृहस्थ सरकारी वैद्यकीय खात्याचे प्रमुख झाले आणि त्यांनी जाहीर केलं, मी सगळ्यांना ‘दू’, म्हणजे ‘तू’, म्हणणार, मलाही ‘दू’च म्हणा. वारं आधीच त्या दिशेने वाहत होतं. मग देशभर तेच रुळलं.

आता काकांकडे येते. पायरीखाली चपला काढून ते उभे राहिले. चहा बशीत ओतून उभ्यानेच प्यायले. आणि तेरा वर्षांच्या तुला म्हणाले, “ताईसाहेब, आपण बसा.” तेवढ्यात तुझा मामा, त्यांच्याहून वीस वर्षांनी लहान, आतून ओरडला, “ए, इकडे ये रे!” तुला बोचलं ते हे, चिऊ. ‘अहो’ एकाच बाजूने जात होतं.

सात वर्षांची असताना मीही त्यांना नावाला ‘या’ जोडून हाक मारायची. त्यांचा कप वेगळा असायचा, बाहेरच्या कोनाड्यात पालथा घातलेला. का, ते घरात कुणी सांगितलं नाही. सगळ्यांना माहीत होतं. जातीमुळे. ज्यांच्या आजोबांना गावातलं शेंबडं पोरही अरे-तुरे करायचं, त्यांनी नावापुढे ‘राव’, ‘साहेब’ ऐकायला मिळावं म्हणून फार सोसलंय. डॉ. आंबेडकरांना ‘बाबासाहेब’ म्हणताना लोकांचा गळा दाटून येतो, त्यात हेही आहे. म्हणून ही मानाची संबोधनं सरसकट टाकून द्यावीत, असं मला वाटत नाही.

आळंदीहून पंढरपूरला जाणारे वारकरी एकमेकांना ‘माउली’ म्हणतात. म्हातारा तरुणाच्या पाया पडतो, तरुण म्हाताऱ्याच्या. मी लहानपणी हे दारातून दरवर्षी पाहिलंय, आणि तरी तो कप कोनाड्यातच राहिला.

तेव्हा काकांना ‘मला अहो म्हणू नका’ असं सांगू नकोस, ते अवघडतील. “काका, तुम्ही बसा ना,” म्हण आणि खुर्ची पुढे कर. मामाशी मी बोलले. तो काही बोलला नाही, पण त्याने फोनही ठेवला नाही.

दिवाळीत फोन करू तेव्हा काका घरी येणार आहेत. आधी तू बोल. मग फोन माझ्याकडे दे. मी आजवर त्यांना एकदाही ‘अहो’ म्हटलेलं नाही.

तुझी,
आई