अक्षर काढणाऱ्याला आता कोण विचारतो?

प्रश्न : माझी मुलगी उपयोजित कलेच्या तिसऱ्या वर्षाला आहे. सुलेखनात हात चांगला आहे. पण माझं लग्नपत्रिका आणि फ्लेक्सचं दुकान आहे, मी रोज बघतो. फॉन्ट निवडला की काम झालं. तिला ॲनिमेशनकडे वळवू का? – एक पालक, मिरज

उत्तर : नमस्कार. तुम्ही निवडता तो फॉन्टही कुणीतरी आधी हाताने काढलेला असतो. विंडोजवरचा मंगल र. कृ. जोशींनी केला. जोशी मुळात सुलेखनकार, पुढे आयआयटी मुंबईच्या आयडीसी या डिझाइन विभागात शिक्षक. त्यांच्या हाताचं वळण किती लोकांच्या अर्जांत, नोटिसांत गेलं याचा हिशेब नाही, आणि वापरणाऱ्यांपैकी फार थोड्यांना त्यांचं नाव माहीत असेल.

आज संध्याकाळी एक करा. दुकानातल्या चारपाच फॉन्टमध्ये ‘दर्या’ आणि ‘दऱ्या’ टाइप करून बघा. एक समुद्र, दुसऱ्या डोंगरातल्या. ‘दऱ्या’मधल्या त्या अर्ध्या र ची हिंदीला गरज पडत नाही. त्यामुळे मराठी न लिहिणाऱ्याने केलेल्या फॉन्टात तो कधी तुटतो, कधी शेजाऱ्याला चिकटतो. ल आणि श यांचं आपलं वळणही निराळं. या खोड्या तुमच्या मुलीला दिसतात, कारण तिने ती अक्षरं गिरवली आहेत.

मात्र फॉन्ट म्हणजे नुसती बाराखडी नव्हे. जोडाक्षरं धरून शेकडो आकार होतात. ह्रस्व वेलांटी ‘रि’ला आखूड पुरते, ‘क्षि’ला लांब ओढावी लागते. महिनोन्‌महिने चालणारं, डोळे दुखवणारं काम आहे. ज्याला आठ दिवसांत कौतुक हवं, त्याने इकडे फिरकू नये.

पैशाचं स्पष्ट सांगतो. कंपन्या, वृत्तपत्रं, ॲपवाले स्वतःसाठी अक्षर करून घेतात, मुंबईत ‘एक टाइप’ या नावाच्या गटासारखे फॉन्ट करणारे गट हेच काम करतात. ‘एक टाइप’चा ‘मुक्ता’ हा फॉन्ट तुम्ही फुकट वापरू शकता. पण दरमहा पगार देणाऱ्या जागा मोजक्या आहेत. सुरुवातीची दोनतीन वर्षं जोडीला पत्रिका, बोधचिन्हं, पुस्तकांची मुखपृष्ठं करावी लागतील.

ॲनिमेशनचा विचार तूर्त सोडा. फॉन्ट बनवायचं फॉन्टफोर्ज हे सॉफ्टवेअर फुकट आहे, दुकानातल्या कॉम्प्युटरवर चालेल. शेवटच्या वर्षाचा प्रकल्प म्हणून एक मराठी फॉन्ट करू दे. पुढे एम.डेस., म्हणजे डिझाइनमधली पदव्युत्तर पदवी, करायचं मनात आलं तर सीड (CEED) ही प्रवेशपरीक्षा आहे. मोडीची आवड असेल तर तिकडेही बघावं. 2014 मध्ये मोडी युनिकोडमध्ये, म्हणजे संगणकावरच्या लिप्यांच्या जागतिक प्रमाणात, आली, जुनी दफ्तरं मोडीत पडून आहेत, आणि चांगले फॉन्ट अजून थोडेच.

आणि तुमच्याकडे एक गोष्ट आहे, जी कॉलेजात मिळत नाही : गिऱ्हाईक. तिच्या फॉन्टातली पहिली कच्ची पत्रिका काढाल, तेव्हा ती एखाद्या आजोबांच्या हातात द्या, चष्मा न मागता नावं वाचतात का बघा. ते कुठल्या अक्षरापाशी अडतात, ते तिला लिहून ठेवायला सांगा.