सेंद्रिय करू का रासायनिकच चालू ठेवू?

प्रश्न : नमस्कार, औसा तालुक्यात पाच एकर कोरडवाहू आहे. आठ-दहा वर्षं झाली, सोयाबीन आणि त्याच्यामागं हरभरा एवढंच चालूय. खताच्या बॅगा वाढत गेल्या पण उतारा काय वाढंना. पोरगा म्हणतो सगळं सेंद्रिय करू, भाऊ म्हणतो खत बंद केलं तर घरी बसावं लागंल. कुणाचं ऐकू?

उत्तर : दादा, दोघांचंही अर्धं अर्धं ऐका. एका झटक्यात खत तोडू नका, जमिनीत कस नसताना सगळं बंद केलं की पहिल्याच वर्षी उतारा पडतो आणि मग माणूस सेंद्रियाच्या नावानं बोटं मोडत परत दुकानात जातो, हे मी लई ठिकाणी बघितलंय. आधी एका एकरावर दोन्हीचा मेळ घालून करून बघा.

त्या एकराला खत पेरणीबरोबरच द्या, 3 बॅगा सिंगल सुपर फॉस्फेट, 26 किलो युरिया, 20 किलो पोटॅश. सुपर फॉस्फेटमधून गंधकपण मिळतं, तेलबियाला ते लागतंच, आणि डीएपी खतात ते नसतं. सोबत कुजलेलं शेणखत जेवढं असंल तेवढं.

बियाण्याला रायझोबियम (मुळांवर गाठी करून हवेतला नत्र झाडाला देणारे जिवाणू) लावाच, 10 किलोला 250 ग्रॅम. बुरशीनाशक लावणार असाल तर ते आधी, ते वाळलं की रायझोबियम सगळ्यात शेवटी, सावलीत, पेरायच्या तोंडावर. पाकीट ट्रॅक्टरवर उन्हात पडलं की जिवाणू मेले, मग ते लावलं काय आणि नाही लावलं काय.

आता एक काम स्वतः करून बघा. पीक फुलावर आलं, 40-45 दिवसांचं झालं की ओल असताना खुरप्यानं एक झाड मातीसकट अलगद काढा (उपटू नका, गाठी मातीतच राहतात), मूळ धुवा आणि एक गाठ नखानं फोडा. आतून गुलाबी-लालसर निघाली तर ती हवेतला नत्र झाडाला देतीय, मग वरून युरिया फेकायची काहीच गरज नाही, तो खर्च तिथंच वाचला! पांढरी किंवा हिरवट निघाली तर गाठ काम करत नाहीये, पुढच्या वर्षी बीजप्रक्रियेकडं नीट लक्ष द्या.

सोयाबीन एकटं घेऊ नका, 4 ओळी सोयाबीन 2 ओळी तूर धरा. पाऊस दगा देऊन सोयाबीन गेलं तरी तूर हाताशी राहते, तिचं मूळ खोल जातं आणि पाला तिथंच गळून कुजतो. बीबीएफनं, म्हणजे रुंद वरंबा आणि सरी पाडून पेरलं तर सरीतून जादा पाणी निघून जातं आणि पावसात खंड पडला की तीच सरी ओल धरते.

अळीला पहिली फवारणी 5 टक्के निंबोळी अर्काची, म्हणजे 5 किलो निंबोळी कुटून रात्रभर भिजवायची, गाळून 100 लिटर पाणी करायचं. अळी बारीक असतानाच याचा उपयोग होतो, मोठी झाल्यावर नाही. त्याच्यावरही अळी वाढत गेली तरच औषध आणा, शेजाऱ्यानं फवारलं म्हणून नको.

आणि मळणीनंतर भुसकट पेटवू नका हो. खड्ड्यात शेण आणि ट्रायकोडर्मा (कुजवायला मदत करणारी उपयोगी बुरशी) टाकून कुजवा, पोराला सेंद्रियची हौस आहे ना, हे काम त्याच्याकडंच द्या.