आधी विश्वास की आधी पाणी?

प्रश्न : नियमशास्त्राच्या (मोशेने दिलेल्या नियमांच्या) कर्मांवाचून माणूस विश्वासाने नीतिमान ठरतो, असे प्रेषित पौल बायबलमधल्या रोमकरांस पत्रात म्हणतो (रोम. ३:२८). याकोब आपल्या पत्रात म्हणतो, केवळ विश्वासाने नव्हे, तर क्रियांनी (याकोब २:२४). खरे कोणाचे मानायचे?

उत्तर : दोघांचेही. दोघे दाखला देतात तो इस्राएलांचा मूळपुरुष अब्राहाम याचाच, पण त्याच्या आयुष्यातल्या वेगवेगळ्या प्रसंगांचा. बायबलच्या पहिल्या पुस्तकाचे, उत्पत्तीचे, १५, १७ आणि २२ हे तीन अध्याय ओळीने वाचा. पंधराव्यात तो देवाच्या वचनावर विश्वास ठेवतो आणि देव ते नीतिमत्त्व म्हणून जमेस धरतो. तेव्हा त्याची सुंता, म्हणजे देवाशी झालेल्या कराराची खूण, झालेली नव्हती. पुढे मुलगा इश्माएल जन्मला तेव्हा तो ८६ वर्षांचा होता आणि सुंता झाली ती ९९व्या वर्षी. म्हणजे मध्ये निदान तेरा वर्षे गेली. रोमकरांस पत्राच्या चौथ्या अध्यायात पौल नेमके हेच विचारतो : नीतिमत्त्वाची ही गणना सुंतेआधी झाली की नंतर? याकोब बोट ठेवतो ते बाविसाव्या अध्यायावर, मुलगा इसहाक याला बळी देण्यासाठी वेदीवर ठेवण्याच्या प्रसंगावर. आणि पंधराव्यातले वचन तिथे पूर्ण झाले असे सांगतो.

दोघांसमोरचा माणूसही वेगळा आहे. पौलासमोर आपल्या कर्मांचा हिशेब देवापुढे मांडू पाहणारा आहे. याकोबासमोर आहे तो उघड्या, उपाशी भावाला ‘ऊब घे, पोटभर खा’ म्हणून हात हलवत वाटेला लावणारा. अशा नुसत्या मान्यतेला विश्वास म्हणायचे, तर भुतेही विश्वास ठेवतात, असे तो सुनावतो.

पाठांतरात एक चूक हमखास होते. इफिसकरांस पत्राच्या दुसऱ्या अध्यायातली ८ आणि ९ ही वचने तोंडपाठ असतात, दहाव्याआधी माणूस थांबतो. तारण (पापातून सुटका) सत्कृत्यांमुळे नाही, हे आठ-नऊमध्ये आहे. सत्कृत्यांसाठीच आपण निर्माण झालो, हे दहाव्यात. ‘मुळे’ आणि ‘साठी’ यांची अदलाबदल झाली की एकतर गर्व येतो, नाहीतर आळस. जर्मन धर्मसुधारक ल्यूथरने १५२२ च्या जर्मन भाषांतरात रोम. ३:२८ मध्ये ‘केवळ’ हा शब्द घातला, त्यावरून मोठा वाद पेटला. कॅथलिक बिशपांच्या त्रेंत परिषदेने १५४७ मध्ये कॅथलिक बाजू मांडली. पुढे ३१ ऑक्टोबर १९९९ रोजी आउग्सबुर्ग येथे कॅथलिक व ल्यूथरन मंडळ्यांनी संयुक्त घोषणेवर सह्या केल्या : देव आपल्याला स्वीकारतो तो कृपेनेच, आपल्या पुण्याईने नव्हे, आणि सत्कृत्ये हे त्याचे फळ. सगळे मतभेद मिटले नाहीत, पण मूळ गाठ सुटली.

प्रश्न : बाप्तिस्म्यावाचून, म्हणजे पाण्याने होणाऱ्या ख्रिस्ती दीक्षाविधीवाचून, तारण होते का? येशूशेजारी वधस्तंभावर असलेल्या ज्या चोराला त्याने सुखलोकाचे वचन दिले, त्याचा तर बाप्तिस्मा झालाच नव्हता.

उत्तर : त्याला खाली उतरण्याची सोयच नव्हती. ज्याला संधी आहे त्याने त्याचा दाखला स्वतःला लावू नये. प्रेषितांची कृत्ये या पुस्तकात एकच ठरीव क्रम नाही. २:३८ मध्ये पश्चात्ताप, मग बाप्तिस्मा, मग पवित्र आत्म्याचे दान. दहाव्या अध्यायात शताधिपती कर्नेल्याच्या घरी आत्मा आधी उतरतो. तरीही ‘आता पाण्याची काय गरज?’ असे प्रेषित पेत्र म्हणत नाही. तो बाप्तिस्म्याची आज्ञा देतो. उलट बाजूने आठव्या अध्यायातला जादूगार शिमोन पाहा. बाप्तिस्मा झाला होता, पण पैसे देऊन आत्म्याचे सामर्थ्य विकत घ्यायला गेला, तेव्हा ‘तुझे अंतःकरण सरळ नाही’ असे त्याला ऐकावे लागले. पाणी आपोआप काम करत नाही, आणि पाणी टाळणे म्हणजे आज्ञा मोडणे. आमचे मत इतके स्पष्ट आहे.

मंडळ्यांचे मतभेद मात्र खरे आहेत. कॅथलिक शिकवणीत बाप्तिस्मा आवश्यक आहे. पण तयारीत असताना, बाप्तिस्म्याची ओढ मनात धरून जो मरतो त्याला ती दूर लोटत नाही. ल्यूथरन त्याला कृपेचे साधन मानतात. बॅप्टिस्ट त्याला आधीच मिळालेल्या तारणाची उघड साक्ष मानतात, म्हणून अर्भकांना देत नाहीत.

प्रश्न : लहानपणी माझ्या डोक्यावर पाणी ओतले होते, बुडवले नव्हते. पुन्हा बाप्तिस्मा घ्यावा का?

उत्तर : ‘डिडाखे’ या अगदी जुन्या मंडळीशिस्तीच्या पुस्तकात सातव्या प्रकरणात सूचना आहे : वाहते पाणी घ्या, नसेल तर दुसरे, थंड जमत नसेल तर कोमट, दोन्ही पुरेसे नसेल तर डोक्यावर तीनदा ओता. प्रत्येक वेळी पिता, पुत्र व पवित्र आत्मा यांच्या नावाने. बाप्तिस्मा घेणाऱ्याने एक-दोन दिवस उपास करावा, असेही तिथे आहे. तेव्हा ओतणे ही मागाहून काढलेली पळवाट नव्हे. खरे पाणी आणि त्रैक्याच्या नावाचे शब्द, दोन्ही असतील तर बहुतेक जुन्या मंडळ्या तो पुन्हा देत नाहीत. बॅप्टिस्ट मंडळीत गेलात, तर तिथे बहुधा बुडवून बाप्तिस्मा घ्यायला सांगतील. त्यांच्या दृष्टीने तो पहिलाच असतो. निर्णयाआधी जुन्या मंडळीच्या नोंदवहीतून बाप्तिस्म्याचा दाखला काढा. कोणते शब्द वापरले याबद्दल खरीच शंका उरली, तर ‘तुझा बाप्तिस्मा झालेला नसेल तर’ अशा सशर्त शब्दांनी तो देण्याची रीत कॅथलिक व अँग्लिकन मंडळ्यांत आहे. त्याबद्दल आपल्या पाळकांशी बोला.