रात्री फोन नाही उचलला आणि काही झालं तर?

डॉक्टर मंडळी माझ्याकडे समुपदेशनाला आली की थोड्या वेळाने हे वाक्य येतंच, मग ते माणसांचे डॉक्टर असोत की जनावरांचे. इतक्यांदा ऐकलंय की आता लिहायलाच हवं. नाशिकमधल्याच एका व्हेटची गोष्ट सांगते, तिच्या परवानगीने, ओळख पटेल असे तपशील बदलून.

गंगापूर रोडकडे तिचं क्लिनिक, आणि पर्सनल नंबर तोच क्लिनिकचा. रात्री साडेअकराला कुत्र्याच्या शीचे फोटो, रविवारी ताटावर बसली की व्हिडिओ कॉल. फोन सायलेंटवर टाकून बघितला तर झोपच लागेना, दर अर्ध्या तासाने उठून स्क्रीन बघायची.

सगळे तिला सांगत होते, नाही म्हणायला शिक. मला हा सल्ला फार अपुरा वाटतो. नाही म्हणता येतंच हो, म्हटल्यावर पोटात जो गोळा येतो त्याचं काय करायचं? मी मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिस यांच्या विचाराने काम करते, त्यामुळे मी फोनपेक्षा त्या गोळ्यामागचा विचार शोधते.

"फोन उचलला नाही तर तुम्ही कोण ठरता, डॉक्टर?"

"बेजबाबदार."

"आणि तुमची असिस्टंट रात्री फोन बंद ठेवते, ती?"

"ती दमते हो मॅडम, तिला झोप नको का?"

इथे ती हसली, पण हललं काही नाही. मग एका सेशनला मी म्हटलं, मागच्या आठवड्यातले रात्री दहानंतरचे मेसेज मोठ्याने वाचा. केस गळतायत. कोणतं फूड देऊ. लस कधी आहे. गोचीड झालेत. आणि मग ती थांबली. 'बोका सारखा लिटरमध्ये (शी-शूच्या ट्रेमध्ये) जाऊन बसतोय पण लघवी होत नाहीये.' नर मांजराची लघवी अडकणं ही खरी इमर्जन्सी, एक-दोन दिवसांत जीव जाऊ शकतो, हे मला तिनेच सांगितलं. त्या मेसेजला तिने उत्तर दिलं होतं, सकाळी आणा, आणि पुढे एक स्मायली. बोका वाचला, सकाळी कॅथेटर घातला, पण ती त्या मेसेजकडे बघतच राहिली.

"मॅडम, मी तर हजर होते."

हजर असूनही चूक होऊ शकते, हेच मी तिला पहिल्या दिवशी सांगितलं असतं तर तिने मान डोलावली असती आणि रात्री पुन्हा फोन उशाशी घेतला असता. माणसाला स्वतःचा पुरावा स्वतःच सापडावा लागतो, आणि तोवर गप्प बसता येणं हेच माझ्या कामातलं सगळ्यात मोठं कसब आहे असं मी मानते. सतत उपलब्ध असलं की गोचीड आणि अडकलेली लघवी एकाच रांगेत येतात आणि दमलेला मेंदू दोन्हीला एकच उत्तर देतो.

पुढचं तिने भराभर केलं. क्लिनिकचा नंबर वेगळा, त्यावर व्हॉट्सअॅप बिझनेसचा ऑटो मेसेज: श्वास लागणं, फिट, विषबाधा, अडलेली डिलिव्हरी, लघवी बंद असेल तर फोनच करा, बाकीचं सकाळी दहानंतर. पंचवटी आणि पाथर्डी फाट्याच्या दोन व्हेटबरोबर रात्रीच्या पाळ्या, आणि रात्रीची फी वेगळी, आधीच बोर्डावर लिहिलेली. एक जुने क्लायंट चिडून गेले, तेव्हा दोन दिवस तिला अपराधी वाटलं. वाटू द्यावं, त्या भावनेला घाबरून नियम मोडला नाही की ती आपोआप उतरते.

माणसांच्या डॉक्टरांनी केसपेपरवरच १०८ आणि जवळच्या कॅज्युअल्टीचा नंबर छापावा. आणि तुम्ही पेशंट असाल किंवा घरी कुत्रं-मांजर असेल तर रात्री काही झालं तर कुठे जायचं हे दिवसाच डॉक्टरांना विचारा आणि फ्रिजवर लिहून चिकटवा.