शैलीचं नाव शेवटी लिही

प्रिय पोरी,

तुझा प्रबंधाचा आराखडा सावकाश वाचला. राजधानीच्या सरकारी इमारतींवर जुन्या स्थापत्यशैलींचा काय परिणाम झाला, हा विषय चांगला आहे आणि नागपुरात बसून करण्यासारखाही आहे. पण पहिल्याच पानावर तू तक्ता मांडलास. एका रकान्यात इमारत, दुसऱ्यात शैली: व्हिक्टोरियन, नवअभिजात, बौद्ध वगैरे. तो तक्ता तूर्त काढून टाक. एकदा नाव चिकटलं की माणूस इमारतीकडे बघायचं सोडून देतो. परीक्षक खूश होतील, पण तुझ्या हाती काही लागणार नाही.

आधी हे ठरव की तू कोणत्या राजधानीबद्दल लिहिते आहेस. देवगडचा गोंड राजा चांद सुलतान याने इथे राजधानी आणली ती गोंडांची. मग भोसल्यांची. 1861 साली मध्य प्रांत झाला, त्याची. स्वातंत्र्यानंतर जुन्या मध्य प्रदेशाची, 1956 पर्यंत. आणि आता डिसेंबरपुरती गजबजणारी उपराजधानी. दर खेपेला नवा धनी आला आणि दर खेपेला त्याला आपण कालचे नाही हे दाखवायचं होतं. कोणी कोणता भूतकाळ उसना घेतला आणि त्यासाठी दगड कुठून आणला, एवढं नीट शोधलंस तरी अर्धा प्रबंध झाला.

दगडापासूनच सुरुवात कर. नागपूर दख्खनच्या काळ्या पाषाणाच्या पूर्वेकडच्या काठावर वसलंय. सीताबर्डीची टेकडी काळ्या दगडाची, आणि थोडं कामठी-सिलेवाड्याकडे गेलं की वालुकाश्म लागतो. भोसल्यांचा महाल भागातला राजवाडा काळ्या दगडाचा होता आणि त्यावर लाकडी नक्षीकाम भरपूर होतं. 1864 च्या आगीत तो गेला, मोठा दरवाजा तेवढा उरला. काळ्या दगडात नक्षी निघत नाही असं नाही, विदर्भातली हेमाडपंती देवळं बघ. पण त्याला वेळ फार लागतो. घाईचा कारागीर नक्षी सागवानात करतो, असा माझा अंदाज आहे. महालातल्या जुन्या वाड्यांचे सुरूच्या झाडासारखे निमुळते खांब आणि महिरपी बघताना हा अंदाज तपासून घे आणि चुकीचा निघाला तर बेलाशक खोडून काढ.

इंग्रजांच्या काळात सरकारी इमारतींचा रंगच बदलला. रेल्वे स्टेशनची आजची इमारत सावनेरकडच्या वालुकाश्माची, 15 जानेवारी 1925 रोजी गव्हर्नर सर फ्रँक स्लाय यांनी उघडलेली. विधानभवन, जीपीओ यांच्यावर तू भरपूर लिहिलं आहेस, तेवढं पुरे. माझं मत विचारशील तर तुझा मुक्काम हायकोर्टात हवा.

नागपूरचं हायकोर्ट स्थापन झालं 1936 च्या जानेवारीत. इमारतीची कोनशिला 9 जानेवारी 1937 रोजी गव्हर्नर सर हाइड गोवन यांनी बसवली. त्याच वर्षी निवडणुका होऊन डॉ. ना. भा. खरे यांचं काँग्रेस मंत्रिमंडळ आलं, म्हणजे साहेबाच्या धाटणीची ही इमारत बरीचशी उभी राहिली ती काँग्रेसच्या राज्यात. 1939 च्या शेवटी, तेव्हा रविशंकर शुक्लांच्या असलेल्या, काँग्रेस मंत्रिमंडळाने राजीनामा दिला आणि 6 जानेवारी 1940 रोजी व्हाइसरॉय लिनलिथगो यांनी तिचं उद्घाटन केलं. ‘पाषाणातलं काव्य’ म्हणाले ते. हे वाक्य तू मथळ्यात घेतलं आहेस, ते काढ. उद्घाटनाला आलेला पाहुणा दुसरं काय बोलणार? खर्च 7,37,746 रुपये.

वास्तुकार हेन्री मेड. हा माणूस नवी दिल्लीच्या उभारणीत तयार झालेला, तिथली दोन मोठी चर्चं त्याचीच. म्हणजे नागपूरला लंडनची शैली थेट आली नाही, ती दिल्लीत मुरून आली. दिल्लीत वास्तुकार लुटियन्सने व्हाइसरॉयच्या प्रासादाचा, म्हणजे आजच्या राष्ट्रपती भवनाचा, घुमट बांधताना त्याच्याभोवती सांचीच्या स्तूपाचं दगडी कठडं फिरवलं. राज्य इंग्रजांचं आणि उसनवारी अशोकाच्या परंपरेची! 1931 साली दिल्लीचं उद्घाटन झालं आणि दहा वर्षांच्या आत तिथला माणूस आपल्या सिव्हिल लाइन्समध्ये घुमट बांधून मोकळा झाला.

आता टेप घेऊन आत जा. इमारत 400 फूट बाय 230 फूट, दोन मजली, मध्ये बगिच्याचं अंगण. बाकीची उंची सुमारे 52 फूट आणि घुमट जमिनीपासून 109 फूट, दुपटीहून जास्त. अंगणाशिवाय एवढ्या रुंद इमारतीच्या पोटात उजेड पोचलाच नसता. आपल्या वाड्यातला चौक हेच करतो. मेडने तो वाड्यावरून घेतला असं मी म्हणत नाही, तूही पुराव्याशिवाय म्हणू नकोस, पण दोन्हींचे नकाशे शेजारी ठेवून काढ. आणि भिंतीपाशी थांब. बाहेरून घडीव वालुकाश्म दिसतो, आत विटा आहेत. खाली कॉरिडॉरमध्ये घोटलेली शहाबादी फरशी. भिंतीचा छेद, म्हणजे भिंत उभी कापल्यासारखं चित्र, काढलास तर ही इमारत किती दगडाची आणि किती दगडासारखी, ते कळेल. हा एक छेद दहा फोटोंना भारी आहे.

दीक्षाभूमी तू ‘धार्मिक वास्तू’ म्हणून वगळलीस. काहून? 14 ऑक्टोबर 1956 नंतर या शहरात तिच्याइतकी सार्वजनिक जागा दुसरी नाही. दसऱ्याच्या गर्दीत एकदा उभी राहा, म्हणजे वाद घालायची गरज राहणार नाही. शिवाय तुझ्या विषयाचा सगळ्यात चांगला दाखला तिथेच आहे. वास्तुकार शिवदान मल यांनी नमुना सांचीचा घेतला, दगड धोलपूरचा. म्हणजे व्हाइसरॉयच्या प्रासादाचाच दगड आणि त्याच स्तूपाची आठवण. पण इथे सांची कठड्यापुरती आलेली नाही, पुरती इमारतच ती आहे, आणि ती मागणारे लोकही वेगळे. ज्यांना देवळात शिरू दिलं जात नव्हतं त्यांनी आपला भूतकाळ निवडला आणि तो बांधला. काम 1978 साली सुरू झालं, 18 डिसेंबर 2001 रोजी राष्ट्रपती के. आर. नारायणन यांच्या हस्ते लोकार्पण झालं.

इथेही मापं घे. सांचीच्या मोठ्या स्तूपाचा व्यास सुमारे 120 फूट, उंची छत्र आणि कठडं सोडून साधारण 54 फूट. दीक्षाभूमीचा व्यास 120 फूट आणि उंचीही 120 फूट. घेर तोच, उंची दुपटीहून जास्त. सांचीचा स्तूप भरीव आहे. आत विटांचा जुना गाभा, वर नंतरच्या काळातलं दगडी आवरण. त्याला प्रदक्षिणा घालतात, आत जात नाहीत. आपला पोकळ आहे, लोक आत जाऊन एका छताखाली उभे राहतात. नुसती ‘सांचीची प्रतिकृती’ असं लिहिलंस तर हे सगळं हातचं निसटतं. मल यांनी आकार घेतला आणि त्याचा उपयोग उलटा केला. उसनवारी करावी तर अशी.

एक गोष्ट तुझ्या आराखड्यात कुठेच नाही: ऊन. मे महिन्यात दुपारी दोन वाजता सिव्हिल लाइन्समधल्या एखाद्या जुन्या कचेरीच्या व्हरांड्यात जाऊन बस. खोल व्हरांडा, उंच छत, छताखाली दोरीने उघडणारे झरोके, दारांना वाळ्याच्या ताट्या लावायला ठोकलेले खिळे कुठे कुठे अजून असतील. ग्रीक खांब दाखवायला होते, जगवलं या व्हरांड्याने. हल्ली त्यालाच ॲल्युमिनियमच्या खिडक्या ठोकून आत फायली रचतात आणि मग एसीचं टेंडर निघतं. नव्या इमारतींचं तर विचारूच नको. पश्चिमेला काच आणि वर कागदी मुकुटासारखी कमान.

कोर्टाच्या आत मोजमाप करायचं तर परवानगी लागेल. कॉलेजच्या लेटरहेडवर अर्ज कर आणि तो प्रबंधक कार्यालयात स्वतः जाऊन दे. सुट्टीच्या काळातली तारीख माग. हिवाळी अधिवेशन सुरू व्हायच्या आत विधानभवनाच्या बाजूचं काम उरकून घे, नंतर तिकडे बॅरिकेड लागतात आणि कॅमेरा काढला की पोलीस येतात. महालातल्या वाड्यांत सकाळी जा, मालकाची परवानगी घेऊन, आणि आधी चहा घे, मग टेप काढ. छेद तयार झाले की घेऊन ये, तक्ता तेव्हा भरू.

तुझे,
सर