चेरी कोळंबीच्या तोंडापाशी पांढरे धागे दिसताहेत. कुठला परजीवी आहे आणि माणसाला होतो का?

तुम्ही लिहिलंय की कोथरूडच्या घरातल्या टाकीत लाल चेरी कोळंबीच्या तोंडापाशी बारीक पांढरे धागे वळवळतात, त्यावर काय औषध टाकू, आणि घरात लहान मूल आहे तर त्याला काही होईल का.

आधी एक विनंती. आज कुठलंही औषध टाकू नका. चार वर्षांपूर्वी मी असाच घाबरून पुण्यातल्या एका दुकानात गेलो होतो. त्यांनी माशांच्या पांढऱ्या ठिपक्यांवरचं औषध दिलं आणि मी घरी येऊन ते टाकलं. त्यात तांबं होतं. मासे ते थोडंफार सोसतात, कोळंबीला मात्र तांबं म्हणजे विषच. सकाळी वीसपैकी चौदा आडव्या पडल्या होत्या. खरं तर त्यांचं दुखणं मिठाच्या पाण्याने गेलं असतं.

पांढरं नेमकं कुठे आहे ते बघा. कोळंबी काचेजवळ आली की बाजूने टॉर्च मारा आणि भिंगातून पाहा. दोन डोळ्यांच्या मधे जी टोकदार चोच असते, तिच्या बुडाशी धागे चिकटलेले असतील, आखडत-लांबत असतील आणि टोकाला दोन इवल्या शिंगांसारखं काही दिसत असेल, तर ती स्क्युटॅरिएला. चपट्या कृमींच्या कुळातली, एक मिलिमीटरहूनही लहान. तुमच्या वर्णनावरून मला हीच वाटते. दोन-चार असतील तर कोळंबी बिनधास्त खात-फिरत असते. पण ही अंडी घालते कल्ल्यांजवळ, तिथे गर्दी झाली की श्वासाचे हाल होतात. एप्रिल-मेमध्ये जास्तच, कारण गरम पाण्यात प्राणवायू कमी मावतो.

उपाय असा: टाकीतलंच एक कप पाणी घ्या, त्यात आयोडीन नसलेलं मीठ एक टेबलस्पून पूर्ण विरघळवा. कोळंबी जाळीत धरून त्यात तीस सेकंद ते फार तर एक मिनिट बुडवा. ती तडफडायला लागली तर लगेच बाहेर काढा. कृमी सुटून पडतात, अंडी मात्र मरत नाहीत, म्हणून काही दिवसांनी पुन्हा करावं लागतं. आणि टाकलेली कात दिसली की लगेच उचला! एरवी कात टाकीत राहू द्यावी, कोळंब्या ती खातात. पण आत्ता त्या कातीतच अंडी असतात आणि पिल्लं तिथूनच निघतात.

धाग्यांऐवजी अंगावर बुरशीसारखी पांढरी लव असेल तर ती व्हॉर्टिसेला. देठावर उलटी घंटा असा हा एकपेशीय जीव कोळंबीला खात नाही, तिच्यावर नुसता बसतो आणि पाण्यातले जिवाणू खातो. त्यालाही मिठाचं पाणी चालतं, पण मूळ कारण बहुतेक वेळा जास्त पडलेलं खाणं असतं.

पाठीचं मांसच आतून दुधाळ झालं असेल, तर मात्र मायक्रोस्पोरिडियाची, म्हणजे पेशींच्या आत वाढणाऱ्या अतिसूक्ष्म परजीवींची शंका घ्यावी लागते. त्यावर इलाज नाही. अशी कोळंबी वेगळी काढा. ती मेली आणि बाकीच्यांनी खाल्ली तर रोग त्यांच्यातही जातो. याच कुळातला ईएचपी नावाचा परजीवी आपल्याकडच्या कोळंबी-तलावांतही आहे. तो कोळंबीची वाढ खुंटवतो.

आता मुलाचं. यातलं काहीही तुमच्या टाकीतून त्याला होणार नाही. पाण्यातल्या बारक्या जीवातून माणसात येणारा परजीवी आपल्या आजी-आजोबांना मात्र चांगला ठाऊक होता, तो म्हणजे नारू. त्याची पिल्लं सायक्लॉप्समध्ये वाढायची. काचेवर टुणटुणणारे पांढरे ठिपके कधी दिसले असतील, तेच सायक्लॉप्स. ते पाण्यातून पोटात गेले की साधारण वर्षभराने पायातून हातभर, कधी त्याहूनही लांब कृमी बाहेर यायचा. माझी आजी सांगायची, काडीला गुंडाळून तो रोज थोडा थोडा ओढायचा, तुटला तर पाय सुजून अंथरूण धरावं लागायचं. असा पाय घेऊन माणूस पायऱ्यांच्या विहिरीत उतरला की पिल्लं पुन्हा पाण्यात. यावर ना लस होती ना औषध. पाणी फडक्याने गाळून, पायविहिरी बंद करून हा रोग घालवला. भारतातला शेवटचा रुग्ण 1996 चा, आणि 2000 साली देश नारूमुक्त जाहीर झाला. त्यामुळे तुमच्या टाकीत सायक्लॉप्स असले तरी काळजी नको.

मुलाला टाकीपाशी बसून बघू द्या, हातही घालू द्या. नंतर फक्त साबणाने हात धुवायला लावा.