स्वादुपिंडाचा आजार: सुरुवातीला एवढे सांभाळा

भाऊ, दीर्घकालीन स्वादुपिंडदाहाचे, म्हणजे स्वादुपिंडाला दीर्घकाळ राहणाऱ्या सुजेचे, निदान ऐकून धास्तावणे स्वाभाविक आहे, परंतु पथ्य नेमाने पाळून शेतीवाडी सांभाळणारी माणसे आपल्याकडे आहेत.

सर्वांत आधी दारू आणि खर्रा पूर्ण बंद करा. तंबाखूमुळेही स्वादुपिंडाची हानी वाढतच जाते.

स्वादुपिंडातील लायपेज हे एन्झाइम (पाचक द्रव्य) तेल-तूप पचवते. ते कमी पडले की शौचास तेलकट, दुर्गंधीयुक्त होते आणि वजन घटते. एन्झाइमची कॅप्सूल ही उणीव भरून काढते, म्हणून ती अन्नासोबतच पोटात गेली पाहिजे. नवखे लोक नेमके येथेच चुकतात:

- कॅप्सूल उपाशीपोटी किंवा जेवून तासाभराने घेतात. ती पहिल्या घासाबरोबर घ्या. लग्नाची पंगत लांबणार असेल, तर मात्रा कशी विभागायची हे डॉक्टरांना आधीच विचारा.
- ती चावतात. अखंड गिळा.
- दुपारची भजी किंवा दूध यांसोबत ती विसरतात.
- घाबरून तेल पूर्ण सोडतात आणि आणखी खंगतात.

वैशाखात डबी टिनाच्या छपराखाली किंवा दुचाकीच्या डिक्कीत ठेवू नका, कारण उष्णतेने एन्झाइम निकामी होतात.

पाठीत जाणारी तीव्र कळ आणि उलट्या सुरू झाल्यास मात्र कॅप्सूलवर विसंबू नका. तातडीने रुग्णालय गाठा.